गोळ्या पोत्यात आणि लेकरं त्याच खोलीत

आषाढात मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची मिटिंग होती. मी एका संस्थेत फिल्डवर काम करते, धान्य साठवणूक हाच आमचा विषय, आणि पाऊस सुरू झाला की आमचे फोन वाढतात कारण हवेतली ओल ज्वारी ओढून घेते आणि मग टोके, म्हणजे धान्यातले सोंडेवाले किडे, असे पडतात की पोत्यात हात घालायला नको वाटतं. गटातल्या एक वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या, लेकरांना सकाळपासून उलट्या होतायत असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून मिटिंग झाल्यावर घरी गेले.

उंबऱ्यातच वास आला. लसणासारखा पण कुजकट. मधल्या खोलीत भिंतीला लागून ज्वारीची पोती रचलेली, वरून ताडपत्री टाकलेली, पाऊस म्हणून खिडकी बंद, आणि त्याच खोलीत खाली वाकळ टाकून दोन लेकरं झोपवलेली. मोठी पोरगी डोकं दुखतंय म्हणत होती, धाकटा नुसता मलूल.

मी विचारलं, "वहिनी, पोत्यात गोळ्या टाकल्यात का?"

"परवा टाकल्या की मामंजींनी. दुकानातनं पुडीत आणलेल्या."

पुढचं एकही वाक्य न बोलता लेकरांना उचलून आधी अंगणात आणलं. म्हाताऱ्या आत्याबाईंना बाहेर घेतलं, दार-खिडकी सताड उघडली. कुणीतरी बादली घेऊन धावलं, गोळ्यांवर पाणी मारायला, त्यांना ओरडूनच थांबवलं, कारण ही अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ओलाव्यानंच फुटते आणि फॉस्फिन गॅस सोडते, पाणी पडलं तर एकदम भसकन गॅस निघतो आणि पेटही घेऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधूनही काही उपयोग होत नाही. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम गॅस निघतो, तो हवेपेक्षा जरा जड असतो, आणि लेकरं झोपलेली जमिनीवर.

गाडी मिळाली, तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. जाताना पुडीचा कागद सोबत घेतला आणि दारातच डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं, कारण नुसतं उलट्या म्हटलं की शिळं काहीतरी खाल्लं असेल असं धरून चालतात आणि यात वेळ फार महाग असतो. या गॅसवर उतारा नाही. ऑक्सिजन, सलाईन, बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर, एवढंच हातात असतं. रात्रभर दोघांना मॉनिटर लावून ठेवलं. वहिनी खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभ्याच होत्या, कितीदा बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सकाळी धाकट्यानं बिस्कीट मागितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

लेकरं बरी आहेत, हे आधीच सांगून टाकते.

घर नीट मोकळं होऊ दिलं आणि मग पोती बाहेर काढली. वहिनींच्या सासऱ्यांनी, आबांनी, एक पोतं सोडून ज्वारी सुपात ओतली तर टोके जिवंत! चालत होते सुपात. आबा खालीच बसले. "ताई, आवो लेकरं मरता मरता वाचली आन् किडं तर तसंच हायती की."

माझ्या सगळ्या कामात मला यापेक्षा जास्त हलवणारं वाक्य कुणी ऐकवलेलं नाही.

कारण तेच तर होतं ना. गोळी काम करते ती गॅस कोंडून राहिला तरच, तेही पाच-सात दिवस, कारण टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, आतली अंडी आणि कोष गॅसला सहज मरत नाहीत. तागाच्या पोत्यातनं गॅस निघेल तसा खोलीत पसरायला लागतो. किड्याला कमी पडतो, माणसाला जास्त होतो. आणि असा अर्धवट गॅस वर्षानुवर्षं खाऊन किडेही दाद देईनासे झालेत, भारतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. राहत्या घरात ही गोळी वापरायचीच नसते, सर्वसामान्य माणसाला विकायचीही नसते, तरी पुडीत बांधून मिळते. मला याचा राग येतो आणि येत राहणार.

आबांनी विचारलं, मग किडं मारायचं कसं. मी म्हणलं, आबा तुमच्याकडं पेव होतं का? होतं म्हणाले, वाड्याच्या पुढं जमिनीत खणलेलं, वडलांच्या काळात. तळाला आणि बाजूनं कडबा-भुस्सा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आणि उघडल्यावर? "लगीच कोन उतरतंय! कंदील सोडायचा दोरीनं. इझला तर थांबायचं. मान्सं मेल्याली हायती आत उतरून." मग तेच, म्हणलं. धान्य आणि किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, जिथं कंदील विझतो तिथं किडा कसा जगेल? हवा नीट बंद झाली तर गोळी लागतच नाही आणि हवा बंद होत नसेल तर गोळी टाकून उपयोग नाही. आबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ह्ये आमाला ठावं हुतं की."

आमच्याकडच्या हवाबंद पिशव्यांचं तत्त्व हेच आहे. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांनी कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी यावर काम सुरू केलं. ऑक्सिजन कमी झाला की किडा खाणं थांबवतो, आणि त्याला लागणारं पाणी तो अन्नातून ऑक्सिजन वापरूनच तयार करतो, म्हणून शेवटी कोरडा पडून मरतो.

पावसानं उघडीप दिली तशी ती ज्वारी चाळून माळवदावर वाळवली. ओल मोजायचा मीटर नव्हता, मग कोरड्या काचेच्या बाटलीत ज्वारी आणि कोरडं मीठ घालून हलवलं, मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त. पहिल्या दिवशी चिकटलं, परत वाळवली, हे वहिनींनी स्वतः केलं. मग पिशव्या भरून, हवा दाबून काढून, एकेक तोंड पिळून वेगवेगळं बांधलं. महिन्याच्या भाकरीची ज्वारी वेगळ्या डब्यात, कारण पिशवी सारखी उघडली की हवा आत जाते.

दिवाळीनंतर उघडल्या. एक पिशवी उंदरानं कोपऱ्यात कातरलेली, तिच्यात टोके होते. बाकीच्यांत मेलेले सापडले, जिवंत नाही. आबांनी लगेच फळ्या ठोकून भिंतीपासून हातभर लांब मांडणी केली. एरवी किडीच्या भीतीनं सुगीतच पडेल भावाला निम्मी ज्वारी घालवायचे, या वर्षी थांबणार म्हणतात.

दुकानात पुडी अजून मिळते. कृषी विभागाकडं लेखी दिलंय, पाठपुरावा चालू आहे. तोवर आषाढ लागला की आम्ही गटातल्या बायका घरोघर जाऊन दोनच गोष्टी विचारतो, पोत्यात काय टाकलंय आणि त्या खोलीत कोण झोपतं.