फुगडीला वजन लागतं

माझं वजन 82 किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आमच्या आळीत मंगळागौर जागवायची असली की मला ठरलेली जागा असायची: भिंतीला टेकून गाणी म्हणायची. "तुझा आवाज गोड आहे गं," असं म्हणत फुगडीला दुसऱ्या कुणाला तरी ओढून नेत. आवाज काही गोड नाहीये माझा. पुढे बँकेत काउंटरच्या मागे वर्षं गेली, तिथे तर कमरेखालचं शरीर कुणाला दिसतच नाही. मग थायरॉइड, गुडघे, शिंप्याकडे "जरा सैलच ठेवा" म्हणणं. थोडक्यात, अंग ही झाकायची आणि सांभाळायची वस्तू झाली होती.

वारीला मी गेले ती भक्तीपेक्षा मैत्रिणीच्या आग्रहाखातर. आळंदीहून निघालेल्या पालखीचं पहिलं गोल रिंगण माळशिरसच्या अलीकडे, सदाशिवनगर-पुरंदावडेच्या माळावर होतं. अश्व धावून गेले, टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली आणि मग माळभर खेळ सुरू झाले. टाळकऱ्यांची पावली, उड्या, कुठे हुतूतू. मी पिशव्या राखत उभी होते. पिशव्या राखायला उभं राहणं हे आम्हा जाड्या बायकांचं हक्काचं काम.

परभणीकडची एक आजी समोर येऊन उभी राहिली. नऊवारीचा काष्टा, कपाळावर बुक्का, वजन असेल माझ्या निम्मं. "चल माय, फुगडी घालू."

"आजी, मी जड आहे हो."

"जडच पायजे. हलकीसंग काय मजा येती?"

तिनं हातांची कात्री केली, माझी मनगटं पकडली, पंजे माझ्या पंजांना भिडवले. फिरायला लागलो, पण फुगडी काही रंगेना. मी तिच्या काळजीनं सगळं वजन स्वतःकडेच आवरून धरलं होतं. ती ओरडली, "अंग चोरू नको! रेल मागं, सारं वजन दे मला!"

दिलं. आणि फुगडीची गंमत कळली. दोघींनी पूर्ण मागे रेलल्याशिवाय ती फिरतच नाही. जड बाई लहान रिंगणात फिरते, हलकी मोठ्या रिंगणात. हलकीला जास्त रेलावं लागतं, तिची वेणी जवळजवळ जमिनीला समांतर येते. पण मनगटांवरचा ताण दोघींना सारखाच. कुणी कुणावर उपकार करत नाही. एकीनं हात सोडला तर दुसरी पडलीच. आजी फुंकर मारल्यासारखा "फू फू" आवाज करत होती, मीही करायला लागले. पदर कुठे, केस कुठे, गुडघ्यांचं तर नावच नको. माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला, अशी ती पहिलीच वेळ.

(वारीत मंत्र्यांच्या फुगडीचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. नीट बघा, त्यातलं कुणीही मागे रेललेलं नसतं. हात धरून जागच्या जागी उड्या मारतात नुसत्या. ती फुगडी नव्हे.)

थांबल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली, त्याच वेळी मी तिच्या, आणि आमची डोकी आपटली. वारीत हे सारखं होतं. एरवी आपल्याकडे पाया पडणं एकाच दिशेनं चालतं: सून सासूच्या, धाकटा थोरल्याच्या, पूर्वी खालच्या जातीचा वरच्याच्या, तेही लांबूनच. इथे दोघंही वाकतात, दोघंही एकमेकांना माउली म्हणतात. आठवड्याभरात माझ्या पायांना किती अनोळखी माणसांनी हात लावला असेल! पहिल्या दिवशी मी पाय मागे घेत होते. नंतर कमरेलाच सवय लागली, समोरचा दिसला की ती आपोआप वाकायची. समतेवर मी भाषणं पुष्कळ ऐकली आहेत, पण त्यात कधी कंबर वाकवावी लागली नव्हती.

म्हणून वारीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. विठोबाच्या पायावर कुणीही डोकं ठेवावं ही पंढरपूरची थोरवी, पण त्या 'कुणीही'त दलित नव्हते. त्यासाठी साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात 10 दिवस प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेरच आहे. आणि त्यांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच सोवळेवाल्यांना विचारून ठेवलंय: देहीचा विटाळ देहीच जन्मला, मग सोवळा कोण? पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या पिशवीत घेऊन चालणाऱ्या बायका बघितल्या की मला तो अभंग गाण्यापेक्षा फलकावर लिहून पालखीपुढे न्यावासा वाटतो. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीतल्या ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होत असल्याचं पाहून त्या कळवळल्या होत्या. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. पण भाकऱ्या थापायला बायकाच.

आणि वीणा. दिंडी चालते ती ठरलेल्या क्रमानं: पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस नि हंडे घेतलेल्या बायका. म्हणजे ओझं बायकांच्या डोक्यावर, वाद्य पुरुषांच्या गळ्यात. मुक्कामाला मी आमच्या वीणेकरीबुवांना सरळच विचारलं, "बुवा, बाईनं वीणा धरली तर चालतं का?"

बुवा जरा थांबले. "तसा नियम काही नाही," म्हणाले. "पडली ना पद्धत."

"मग मोडा."

वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्या रात्री भजनात बुवांनी ती आमच्या दिंडीतल्या वयानं मोठ्या मावशींच्या गळ्यात घातली आणि सत्तरीचे बुवा वाकले. मावशी इतक्या गोंधळल्या की पाया पडायचंच विसरल्या. तासभर उभ्या होत्या, वीणा छातीशी घट्ट धरून, लहान मूल धरावं तशी.

सकाळी दिंडी निघाली तेव्हा वीणा पुन्हा बुवांकडे आणि मावशींच्या डोक्यावर तुळस. मी परत विचारलं. "मुक्कामाला ठीक आहे ताई, वाटेवर लोक बघतात," बुवा म्हणाले. यंदा त्यांना पुन्हा विचारणार आहे, लोकांसमोरच.