दुर्बिणीला मोबाईल लावून चंद्र

आज फोंड्यात पाऊस उघडला, म्हणून भाच्याला घेऊन गच्चीवर गेलो. अर्धा चंद्र. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल टेकवून चाळीसेक फोटो काढले, त्यातला एक बरा. (हात माझाच थरथरत होता, खापर मात्र वाऱ्यावर.) विवरं दिसली ती उजेड-अंधाराच्या सीमेवर, लांब सावल्यांमुळे. पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

मग त्याला चांद्रयान-2 चे फोटो दाखवले. 2019 पासून ते चंद्राभोवती फिरतंय. 100 किमीवरून, सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने पळताना त्याचा कॅमेरा 25 सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. फोटोत येणारा जमिनीचा पट्टा मात्र जेमतेम 3 किमी रुंद.

"मामा, त्याचा हात नाही हालत?" भाच्याचा प्रश्न.