साकुरा बघायला आई-वडिलांना नेताय? केआगेची चढण कार्यक्रमातून काढा

आधीच स्पष्ट सांगते. जपानचा वसंत, म्हणजे साकुराचा (चेरीच्या फुलांचा) बहर, ज्येष्ठांनी बघावा असाच आहे. पण एजंटने छापून दिलेला कार्यक्रम जसाच्या तसा पाळला, तर त्यांचे गुडघे आणि तुमचे पैसे दोन्ही जातील.

आम्ही धुळ्याहून सहा जण निघालो: आई, नाना, मामा, मामी आणि आम्ही नवरा-बायको. चौघंही ज्येष्ठ पासष्टीच्या पुढचे, पण काटक. नानांची रोज सकाळी शेतात फेरी असते आणि मामी चैत्रात वणीच्या गडावर पायी गेलेल्या आहेत. त्यामुळे पुढचं सगळं रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या, पायात नीट बूट असणाऱ्या माणसांसाठी समजा. घरचा जिनाच ज्यांना जड जातो, त्यांची आखणी पहिल्यापासून व्हीलचेअर धरूनच करा.

आता क्योतो शहर. आमच्या कागदावर लिहिलं होतं, ‘केआगे ते गिन्काकुजी, फुलांखालून सपाट पायवाट’ (गिन्काकुजी हे तिथलं मंदिर). यातलं ‘फुलांखालून’ तेवढं खरं. केआगे इन्क्लाइन म्हणजे बिवा सरोवराच्या कालव्यातल्या होड्या गाड्यावर चढवून वर-खाली न्यायचा जुना रूळमार्ग. १८९१ मध्ये सुरू झाला, १९४८ मध्ये बंद पडला. लांबी ५८२ मीटर आणि चढ ३६ मीटरचा. रूळ अजून जागेवर आहेत आणि त्यांच्या मधली खडीही. त्या खडीवरून, दोन्ही बाजूंच्या झाडांखाली, फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून चढायचं. पाय टाकायला जागा बघावी तर समोर कोणीतरी रुळावर बसून फोटो काढून घेतंय. निम्म्यावर मामींनी मला थांबवलं आणि विचारलं, “आजून कितलं चालनं शे?” तेव्हा पुढचा तत्त्वचिंतकांचा मार्ग पूर्ण बाकी होता. तो कालव्याकाठचा, सुमारे २ किलोमीटरचा. चढ नाही, पण पायाखाली मधे फरश्या आणि कडेला खडी, एक पाऊल फरशीवर तर दुसरं खडीत. गिन्काकुजीला पोचेपर्यंत मामींचा घोटा सुजला होता. दुसरा दिवस त्यांचा आणि मामांचा हॉटेलच्या खोलीत गेला. ज्याने ‘सपाट’ लिहिलं तो तिथे कधी चालला नसणार, याची मला खात्री आहे.

तिथे काय करायचं ते सांगते. इन्क्लाइन खालच्या टोकाला उभं राहून बघा, पाच मिनिटं पुरतात. तिथून जवळच ओकाझाकी कालव्यावर वसंतात जिक्कोकुबुने नावाच्या होड्या सुटतात. साधारण अर्धा तास बसून फिरता येतं आणि दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकलेली दिसतात. आई म्हणाली, एवढंच दाखवलं असतंस तरी चाललं असतं. शहराच्या पश्चिमेला रांदेन नावाची छोटी गाडी आहे, ती उतानो आणि नारुताकी या थांब्यांच्या मधे फुलांच्या बोगद्यातून जाते. तीही बसूनच बघायची. त्याच गाडीने निन्नाजी मंदिराला उतरा. तिथली ओमुरो जातीची झाडं दोन-तीन मीटरच उंच, मान वर करावी लागत नाही, फुलं डोळ्यांसमोर येतात. ती इतरांपेक्षा उशिरा, एप्रिलच्या मध्याकडे फुलतात.

इथेच तारखांचा मुद्दा येतो. ‘खात्रीशीर साकुरा’ असं कोणी विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. साधा सोमेई योशिनो जातीचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो आणि तारीख दर वर्षी सरकते. टोकियोत हवामान खातं यासुकुनी मंदिरातल्या नमुन्याच्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. २०२३ मध्ये ती तारीख १४ मार्च होती, २०२४ मध्ये २९ मार्च. पंधरा दिवसांचा फरक! २०२१ मध्ये क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चलाच आला, बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. म्हणून मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य यात कुठेतरी जा आणि एका शहरावर सगळी भिस्त ठेवू नका. एप्रिलअखेर सुरू होणारा गोल्डन वीक, म्हणजे तिथल्या सलग सुट्ट्यांचे दिवस, मात्र टाळाच, तेव्हा सगळा जपान घराबाहेर पडलेला असतो.

दुसरी फसवणूक रेल्वे पासची. आमच्याकडून सहाही जणांचे सात दिवसांच्या जेआर पासचे पैसे घेतले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) जाण्या-येण्याचं तिकीट अठ्ठावीस हजार येनच्या आसपास पडतं. दोनच शहरं करणाऱ्या ज्येष्ठांना पासची काहीही गरज नाही. कोणी आग्रह केला तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा. वाचलेले पैसे टॅक्सीवर घाला. क्योतोच्या बसला माणशी २३० येन लागतात आणि बहरात आत उभं राहायलाही जागा नसते. चौघांचे ९२० येन होतात, तेवढ्यात जवळच्या अंतराची टॅक्सी मिळते. दार आपोआप उघडतं, टिप द्यायची नसते. पत्ता जपानी लिपीत मोबाइलवर तयार ठेवा.

‘सगळीकडे लिफ्ट आहे’ हे वाक्यही तपासून घ्या. लिफ्ट असते, पण बऱ्याचदा एखाद्याच दाराला. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेच्या वर दारं आहेत, चुकीच्या दाराने निघालात तर जिने तुमच्या वाट्याला. हॉटेल ठरवताना ‘स्टेशनपासून किती मिनिटं’ यापेक्षा ‘लिफ्टच्या दारापासून किती’ ते विचारा. मोठ्या बॅगा गाडीत चढवूच नका. शिंकान्सेन थांब्यावर एक-दोन मिनिटंच थांबते. हॉटेलच्या काउंटरवरून ताक्युबिनने (तिथल्या कुरिअरने) बॅगा पुढच्या हॉटेलला पाठवा, टोकियोहून क्योतोला सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात. औषधं आणि एक जोड कपडे मात्र हातातच हवेत.

टोकियोचे दिवस छान गेले. शिंजुकू ग्योएन बाग सपाट आहे, बाकं भरपूर, पासष्टीच्या पुढे तिकीट निम्मं. तिथे सांगण्यासारखी अडचण आली नाही.

जेवणाचं नीट ऐका, विशेषतः घरात माळकरी असतील तर. भाज्यांचा उदोन (जाड शेवया) म्हणून जो वाडगा समोर येतो, त्याचं पाणी बहुधा माशाच्या दाशीचं, म्हणजे अर्काचं असतं. नाना माळकरी आहेत. आम्ही आधी विचारलं म्हणून कळलं. मंदिरांमधलं शोजिन र्योरी जेवण शाकाहारी असतं, क्योतोत एकदा ते आधी सांगून घ्या. बाकी बिबड्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेलं पीठ घरून न्या. ताजी फळं-भाज्या नेऊ नका, प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. शेवटच्या क्षणी पिशवीत टाकलेली घरची केळीसुद्धा त्यात आली. घरची इलेक्ट्रिक किटली नेण्यात अर्थ नाही. तिथली वीज १०० व्होल्टची, त्यावर आपली किटली पाचवा हिस्सा ताकदीनेही तापत नाही.

औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांवर तिथे कडक बंधनं आहेत, त्या घरीच ठेवा. डॉक्टरांनी दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. विमानतळावर बोटांचे ठसे घेतात. नानांची बोटं शेतीने इतकी घासलीत की मशीनला ठसा सापडेना. तिथली मुलगी न चिडता पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली. अशा वेळी सोबत एक तरुण माणूस रांगेत हवा, ज्येष्ठांना एकटं पुढे पाठवू नका.

आणि कपडे. आपल्याकडे पारा चाळिशीकडे निघालेला असतो, त्यामुळे स्वेटर बॅगेत भरायचं सुचतच नाही. क्योतोत एप्रिलच्या सुरुवातीला पहाटे आठ अंशांच्या आसपास असतं. कानटोपी, थर्मल, पायमोजे प्रत्येकाचे घ्याच. परतल्यावर मुंबईत एक मुक्काम करा. रात्रभर विमानात बसलेल्या माणसांना त्याच दिवशी कसारा घाटातून धुळ्यापर्यंत गाडीत बसवू नका. आमच्या एजंटने तेही छापलं होतं, ते आम्ही ऐकलं नाही, ते बरं झालं.