ग्राफिक नॉव्हेलची फाइल चित्रकलेत अडकते तेव्हा

आठवी-नववीच्या मुलांना ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेलं पुस्तक, वाचायला लावणं अजिबात अवघड नाही. अवघड आहे ती शाळेसाठी विकत घेणं. पैशांचा प्रश्न नसतो, ग्रंथालयाला तरतूद असते. मुख्याध्यापकांची हरकत नसते, आणि नाशिकमध्ये हवं ते पुस्तक मागवून देणारे विक्रेतेही आहेत. घोडं अडतं संस्थेच्या कार्यालयात, मागणीपत्रकातल्या ‘विषय’ या रकान्यापाशी. आमचं प्रकरण तिथे जे रुतून बसलं, त्याचा राग अजून ओसरलेला नाही. म्हणून तेवढा भाग तपशिलात लिहितेय.

झालं असं की ग्रंथपालांनी मागणीपत्रकात पुस्तकांपुढे ड्युई पद्धतीचा, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीचा, वर्गांक घातला, ७४१.५. या पद्धतीत ७०० म्हणजे कला, ७४१ म्हणजे रेखाटन आणि ७४१.५ म्हणजे व्यंगचित्रं व कॉमिक्स. नियमाने काही चूक नाही. पण कार्यालयाने तो आकडा वाचून शेरा मारला: ‘सदर पुस्तके चित्रकला विषयाची दिसतात. भाषा विषयाच्या पूरक वाचनासाठी खरेदी कशी, याचा खुलासा व्हावा.’ फाइल कलाशिक्षकांकडे गेली. त्यांच्या खर्चाच्या शीर्षात ड्रॉइंग पेपर, रंग आणि ब्रश बसतात, पुस्तकं बसत नाहीत. त्यांनी तसं लिहून ती परत पाठवली. आता ती कोणाचीच नव्हती. विचारायला गेलं की ‘साहेबांच्या टेबलावर आहे’, आणि साहेब बैठकीत.

या फेऱ्यात दरपत्रकांची मुदत संपते, हे आधी लक्षात ठेवा. आयात पुस्तकांच्या किमती रुपया-डॉलरप्रमाणे बदलतात, म्हणून विक्रेते दर बहुधा तीसच दिवस बांधून देतात. खरेदी समितीची बैठक त्यानंतर पडली की तीन विक्रेत्यांची तिन्ही दरपत्रकं नव्याने आणा. बैठकीची तारीख आधी विचारायची आणि दरपत्रकं तिच्या जेमतेम आठवडाभर आधी मागवायची, हाच उपाय.

सोडवणूक शेवटी वर्गीकरणातच सापडली. माहिती देणं हाच ज्या कॉमिकचा उद्देश आहे, ते त्याच्या विषयाखाली लावायला ड्युई पद्धत मुभा देते. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ घ्या. वडिलांनी सांगितलेली ज्यूंच्या संहाराची हकिकत, पहिला भाग १९८६चा, दुसरा १९९१चा, आणि १९९२मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार. हे पुस्तक ग्रंथालयं ९४०.५३ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात ठेवतात. चित्रांतून सांगितलेलं चरित्र-आत्मचरित्र ९२०ला लावता येतं. इंग्रजी पुस्तकात शीर्षकपानामागे बारीक अक्षरात वर्गांक छापलेला असेल तर त्या पानाची झेरॉक्स टिपणीला जोडा. छापील आकड्याशी कार्यालय वाद घालत नाही. मग ‘विषय’ रकान्यात ‘मराठी/इतिहास, पूरक वाचन’ आणि ‘साहित्यप्रकार’ रकान्यात ‘आत्मचरित्र’ एवढंच लिहायचं. ‘कॉमिक’ हा शब्द फाइलमध्ये कुठेही नको. खोटेपणा म्हणून नाही, तर तो दिसताच वाचणाऱ्याला बसस्टँडवरचा स्टॉल आठवतो म्हणून.

हाच शब्द दरपत्रकातूनही आत शिरतो. विक्रेता घाईत ‘कॉमिक्स, १२ नग’ असं लिहून देतो. त्याला पूर्ण नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशक, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक), आवृत्ती आणि बांधणी लिहायला सांगा. तिघांकडे एकच आयएसबीएन असलं पाहिजे. एकाने कापडी बांधणीचा दर दिला आणि दुसऱ्याने कागदी बांधणीचा, तर तुलनातक्ता जुळत नाही आणि फाइल पुन्हा मागे येते. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. कोणी लावला असेल तर दरपत्रक तिथेच परत करा. आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. नंतर ‘आमच्याकडे आलंच नाही’ ऐकावं लागत नाही.

दुसरी अडवणूक चित्रांची. गद्यात एखादा वाईट प्रसंग चार ओळींत निघून जातो आणि कोणाला दिसत नाही. चित्रात तो पुस्तक चाळणाऱ्यालाही दिसतो. अमेरिकेत हेच झालं. मारजान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’, इराणमधल्या लहानपणाच्या आठवणी, २०१३मध्ये शिकागोच्या शाळांनी सातवीच्या वर्गांतून काढलं, ‘माउस’ २०२२मध्ये टेनेसीतल्या एका काउंटीच्या शिक्षण मंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून वगळलं. आक्षेप होते ते मोजक्या चौकटींवर आणि काही शब्दांवर. म्हणून पुस्तक अथपासून इतिपर्यंत स्वतः वाचा आणि एका पानाची यादी करा: कोणत्या पानावर काय आहे, कोणत्या इयत्तेला द्यायचं, का द्यायचं. हरकत येण्याआधीच ती मुख्याध्यापकांच्या सहीने फाइलला लावा. ‘पर्सेपोलिस’मध्ये छळाची पानं आहेत, तेव्हा नववीच्या आत पूर्ण पुस्तक नको, निवडक पानं चालतील. आठवीला डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ उत्तम. २०११चं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची. त्यातले बोलण्याचे फुगे मुलांना आधी दाखवा. साध्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा, विखारी बोलण्याला विंचवाच्या नांगीचा. कोणाच्या तोंडी कोणता फुगा आहे एवढं विचारलं की अर्धा तास चर्चा आपोआप होते.

पुस्तकं हातात आली की बाकी सगळं सुरळीत. पन्नासच्या वर्गाला पाच मुलांत एक प्रत, म्हणजे दहा, आणि एक शिक्षकाची. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चार पानांपेक्षा जास्त घेऊ नका. मुलं फक्त फुगे वाचतात, चित्रं बघतच नाहीत आणि वीस पानं पाच मिनिटांत संपवून ‘झालं, मॅडम’ म्हणतात. यावर उपाय म्हणजे एका पानाची प्रत काढून सगळे फुगे पांढऱ्या कागदाने झाकायचे आणि ती वाटायची. काय बोलणं झालं असेल ते मुलांनी चित्रावरून लिहायचं, मग मूळ पान उघडायचं. दोन चौकटींच्या मधल्या पट्टीत काय घडलं, हा दुसरा प्रश्न. उत्तर कुठेच छापलेलं नसतं, त्यामुळे गाइडचा उपयोग होत नाही.

झेरॉक्सची धास्ती घेऊ नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये ती उचलून धरली. अर्थात अख्खं पुस्तक छापून विकायचा हा परवाना नव्हे.

आठवणीच्या लेखनात एक गोष्ट मुलांना चित्रांमुळेच चटकन कळते. चौकटीच्या वरच्या पट्टीतला मजकूर आज आठवणाऱ्याचा असतो आणि फुग्यातलं बोलणं तेव्हाचं. ‘मी’ दोन असतात. हे समजल्यावर गद्य आठवण द्या आणि तिचं सहा चौकटींचं पान करायला सांगा. डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमधला चाळीसगावचा प्रसंग यासाठी नेमका आहे. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १२व्या खंडात तो सापडतो. १९२९ साल, स्टेशनवर उतरलेले बॅरिस्टर, टांगा हाकायला नकार देणारे टांगेवाले, अननुभवी हातात लगाम आणि अपघात. मनमाड ओलांडून जाणाऱ्या गाडीने चाळीसगाव पाहिलेली मुलं नाशिकच्या वर्गात असतातच, त्यामुळे स्टेशन काढायला कोणी अडत नाही. सहा चौकटींत टांगा कितव्या चौकटीत येतो, यावरून मुलाला प्रसंग किती कळला ते दिसतं. आकारिक मूल्यमापनात हे पान ‘प्रकल्प’ म्हणून धरता येतं.

पान करताना एक क्रम सक्तीचा: आधी मजकूर, मग त्याभोवती फुगा, शेवटी चित्र. मुलं उलटं करतात आणि ‘म्हणालास’मधला ‘स’ फुग्याबाहेर लोंबतो. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, त्यामुळे इंग्रजी पुस्तक पाहून काढलेला फुगा अपुराच पडतो. दोन ओळींत एक सेंटिमीटर अंतर ठेवा, एका फुग्यात पंधरापेक्षा जास्त शब्द नकोत. पेन्सिल आणि निळं बॉलपेन झेरॉक्समध्ये फिकट येतं, काळं जेल पेन वापरा. ‘क्ष’, ‘ष्ट्र’ बारीक काढले तर प्रतीत नुसता डाग उमटतो. पुस्तिका करायची असेल तर ए-फोर मधे दुमडून एका कागदाची चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत ठरवा.

आणि शिक्क्याचं राहिलंच. दाखल नोंदवहीत पुस्तक चढलं की ग्रंथालयात शीर्षकपानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का मारतात. ग्राफिक नॉव्हेलच्या पुष्कळ पानांवर क्रमांकच छापलेले नसतात, मग अंदाजाने पान उघडलं जातं आणि जांभळा गोल शिक्का बरोबर एखाद्या चेहऱ्यावर बसतो. ग्रंथपालांना आधी सांगा: शीर्षकपानापासून मोजून पान ठरवायचं, ते नोंदवहीच्या शेऱ्यात लिहायचं, आणि गोल शिक्क्याऐवजी दाखल क्रमांक खालच्या समासात बारीक अक्षरात शाईने लिहायचा.