फ्रेडी ग्रीनची गिटार

जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडचं रेकॉर्डिंग लागलं की माझा कान ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतून वाट काढत फ्रेडी ग्रीनची गिटार शोधतो. दर मात्रेला एक ठोका, गाणं संपेपर्यंत.

ग्रीन साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा, जन्म १९११चा. न्यूयॉर्कच्या एका क्लबात रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने त्याला ऐकलं आणि बेसीला त्याचं नाव सुचवलं. १९३७मध्ये तो बँडमध्ये आला. बेसी १९८४मध्ये गेला, तरी याने जागा सोडली नाही. १९८७मध्ये स्वतः गेला तोवर वाजवत राहिला. मधे १९५०च्या सुमारास बेसीला मोठा बँड मोडून छोटा संच करावा लागला, त्यात गिटारला जागा नव्हती. ग्रीन गिटार घेऊन आपणहून दाखल झाला आणि राहिला! त्याच्याबद्दलचा हा किस्सा मला सगळ्यात प्रिय आहे.

मी स्वतः रिदम गिटार, म्हणजे लय धरणारी गिटार वाजवतो, त्यामुळे त्याच्या हातांचं फार कौतुक वाटतं. अॅम्प्लिफायर नाही. अख्ख्या बँडमधून आवाज पोचावा म्हणून तारा इतक्या उंच बांधलेल्या की दाबताना बोटं दुखून यावीत. ठोका पडला की डाव्या हाताची पकड किंचित सैल, म्हणजे सूर लांबत नाही. हात कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या, आकारात असतो, पण हेडफोन लावून ऐका, बहुतेक वेळा ठळक वाजते ती मधली एकच तार. तो एक सूर कॉर्ड बदलत सरकतो आणि वॉल्टर पेजच्या बासच्या वर एक बारीकशी चाल तयार होते. आधी वॉल्टर पेज आणि ड्रमवर जो जोन्स, पुढे दुसरे कितीतरी आले-गेले, गिटार तीच.

१९३९मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये चार्ली ख्रिश्चन इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागला, आणि गिटारवाल्यांना सोलोचा, म्हणजे पुढे येऊन एकट्याने वाजवण्याचा, रस्ता मोकळा झाला. ग्रीन तिकडे फिरकलाच नाही. लोक याला त्याग म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. लय ज्याच्या हातात, बँड त्याचा. पुढे उभा राहून वाजवणारा कितीही मोठा असो, त्याला याच्याच ठोक्यावर यावं लागायचं.

नव्याने ऐकणाऱ्यांनी 'कॉर्नर पॉकेट'पासून सुरुवात करावी. रचना ग्रीनची स्वतःची, सोलो मात्र इतरांचे. पहिल्यांदा ट्रम्पेट ऐका, दुसऱ्यांदा फक्त गिटार.