पन्नास अंडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझा जादूचा प्रयोग संपला की कुणी ना कुणी जवळ येऊन विचारतंच, ‘तुमचा आवडता जादूगार कोण?’ रघुवीर किंवा पी. सी. सरकार ही नावं ऐकायची त्यांची तयारी असते. दोघांबद्दल मला अपार आदर आहे. पण माझं उत्तर आहे फर्गस अँकॉर्न.

जन्म १९१८, इंग्लंडमधल्या केंटचा. अठराव्या वर्षी लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेचा सर्वांत तरुण सभासद. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात गेला. त्याच्या १८व्या डिव्हिजनचा मोठा भाग सिंगापूरला जाण्याआधी काही आठवडे आपल्या नगरला मुक्कामाला होता. नगरला गेलो की मला हे हटकून आठवतं.

फेब्रुवारी १९४२. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडायला दोन दिवस असताना त्याच्या ट्रकवर बॉम्ब पडले. उजवा पंजा जवळजवळ तुटून लोंबत होता. सर्जन तो कापणारच होते, पण तिथल्या एका ऑर्डर्लीने, म्हणजे मदतनिसाने, त्याचे खेळ पाहिले होते. हा जादूगार आहे, हात काढू नका, म्हणून त्याने गळ घातली. हात राहिला. दुसऱ्याच दिवशी तो होता त्या अलेक्झांड्रा हॉस्पिटलात जपानी सैनिक शिरले आणि खाटांवरच्या जखमींना संगिनींनी भोसकत सुटले. हा रक्ताने माखलेला पाहून मेलाय असं समजून पुढे गेले.

मग युद्धकैदी म्हणून सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर; जपान्यांनी ती कैद्यांना राबवून बांधून घेतली. ४१५ किलोमीटर. १२ हजारांवर युद्धकैदी तिथे मेले. मलायातून नेलेले तमिळ आणि इतर आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट.

या रेल्वेवरच्या चुंगकाईच्या कैद्यांच्या छावणीत मुख्य जपानी अधिकाऱ्याला जादूचा नाद होता. तो याला बोलावून खेळ करायला लावी. कैदी म्हणजे घाण, त्यांनी हात लावलेलं अन्न जपानी खात नसत. मासळीचा डबा खेळात वापरला की तो यालाच मिळायचा. मग हा खेळ निवडायचा ते काय खाता येईल हे पाहून! आम्ही जादूगार वस्तू निवडतो ती मागच्या रांगेतून दिसेल अशी. याने निवडली ती उपाशी सोबत्यांच्या पोटात जाईल अशी. मला हा माणूस थोर वाटतो तो इथे.

एकदा बड्या पाहुण्यांसमोर खेळ ठरला. याला एक अंडं हवं होतं. मुदपाकखान्यातून त्याने पन्नास आणली. एक खेळाला, एकोणपन्नासांचं आम्लेट झोपडीतल्या सगळ्यांना. प्रयोग झाल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, पन्नास कशाला लागली? मान उडणार हे त्याला दिसत होतं. तो म्हणाला, खेळ एवढा महत्त्वाचा, की दिवसभर तालीम करत होतो.

अधिकाऱ्याला ते पटलं.

अँकॉर्न पुढे ९९ वर्षं जगला, २०१८ साली गेला. चुंगकाईतले ते सगळे खेळ त्याने सांधलेल्या उजव्या हाताने केले होते. त्या हाताची बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती.