उमय्या दिरहम : वासितचं ९३ लागलं

गधैयाच्या (पश्चिम भारतातल्या मध्ययुगीन नाण्यांच्या) ट्रेला सध्या सुट्टी आहे. या खेपेची नोंद एकाच नाण्याची, उमय्यांच्या म्हणजे दमास्कसहून राज्य करणाऱ्या खलिफा घराण्याच्या दिरहमची, पण त्याच्या मागेपुढे बरंच काही लागून आलंय.

चांदी, वजन २.८ ग्रॅम, व्यास २६ मिमीच्या आसपास. पातळ, पसरट, आणि कडेला ओतीव नाण्याची शिवण नाही. दर्शनी बाजूला तीन ओळींत 'ला इलाह इल्लल्लाह वहदहू ला शरीक लहू', त्याभोवती टांकसाळ आणि साल. मागच्या बाजूला चार ओळींत कुराणातल्या सूरा इख्लासचा मजकूर. चित्र कुठेच नाही. खलिफाचं नावही नाही.

टांकसाळ 'वासित' (इराकमधलं शहर), हे पहिल्या बैठकीतच लागलं. सालाने दमवलं: ७३ की ९३? त्या काळच्या नाण्यांवरच्या कूफी या अरबी लिपीत नुक्ते (अक्षरांवरचे ठिपके) नसतात, त्यामुळे 'सबईन' (७०) आणि 'तिसईन' (९०) दिसायला सारखेच: ओळीने चार दात आणि मग 'ऐन' हे अक्षर. भिंग कितीही चांगलं असलं तरी इथे उपयोग नाही, तारखाच मदतीला येतात. उमय्या खलिफा अब्द अल-मलिकने निव्वळ लेखाचे दिरहम पाडायला सुरुवात केली हिजरी ७९ मध्ये (इ.स. ६९८-९९). वासित शहर त्याचा इराकचा सुभेदार हज्जाज याने वसवलं ते त्याच्याही नंतर. तेव्हा ७३ बाद. उरलं ९३, म्हणजे इ.स. ७११-१२, खलिफा पहिल्या वलीदची कारकीर्द. ज्या हज्जाजने मुहम्मद बिन कासिमला सिंधवर धाडलं त्याच्याच शहरातलं आणि त्याच धामधुमीतलं हे नाणं आहे. वासितचे दिरहम बाजारात भरपूर मिळतात, दुर्मीळ म्हणून कोणी भाव चढवला तर हात आखडता घ्या.

शेजारी ठेवायला एक अरब-ससानी नाणं (इराणच्या जुन्या ससानी घराण्याच्या छापाचं, पण अरबांनी पाडलेलं) हवंच होतं, तेही मिळालं. ससानी राजा दुसऱ्या खुस्रोचा मुकुटधारी चेहरा, मागे अग्निवेदी आणि दोन रक्षक, पहलवी (जुन्या इराणी लिपीतला) लेख. फक्त किनारीत अरबीत 'बिस्मिल्लाह'. सत्ता बदलली तरी लोकांच्या ओळखीचं नाणं कोणी एकदम मोडत नाही. दमास्कसच्या पहिल्या उमय्या खलिफांनीही हेच केलं. सीरियात बायझंटाइन छापाची तांब्याची नाणी, इराक-इराणात ससानी छापाची चांदीची. मग हिजरी ७७ मध्ये लेखाचा दीनार आला, ४.२५ ग्रॅमचा, आणि दोन वर्षांनी दिरहम. चेहरा गेला.

आपल्या गधैयाचा पूर्वजही ससानी नाणंच, राजा फिरोझच्या छापाचं, हूणांमार्फत आलेलं. गुजरात, राजस्थान, माळव्यापासून कोकणापर्यंत ते शतकानुशतकं घासत, झिजत चाललं आणि शेवटी चेहऱ्याचे नुसते ठिपके नि रेघा उरल्या. तिकडे उमय्यांनी ससानी छाप बंद करून लेखाचं नाणं आणलं. दोन्ही नाणी एका ट्रेमध्ये ठेवून बघा, मजा येते.

उमय्यांचा वारसा म्हटलं की जेरुसलेमचा घुमट ('डोम ऑफ द रॉक', हिजरी ७२) आणि दमास्कसची मोठी मशीद आठवते, ते रास्तच. घुमटातल्या मोझेइकच्या लेखातही सूरा इख्लास आहे, आणि तीच पुढे नाण्यावर उतरली. पण माझ्या मते खरा टिकाऊ वारसा या चकतीवर आहे. अब्बासींनी ७५० मध्ये उमय्यांची सत्ता उलथली, मागच्या बाजूचा मजकूर काढून 'मुहम्मद रसूलल्लाह' घातलं, पण मांडणीला हात लावला नाही. दिल्लीच्या टंक्यापासून मुघली रुपयापर्यंत लेखप्रधान नाण्याची रीत चालली. शिवराईवरही चित्र नाही, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति'. याची थेट साखळी जोडायचं धाडस मी करणार नाही. पण तेव्हा दख्खनमध्ये नाणं म्हणजे अक्षरं हे कोणाला नवीन नव्हतं.

जाता जाता, उमय्या काळाचा आपल्या बाजूचा पुरावा ताम्रपटात आहे. नवसारीच्या ७३९च्या ताम्रपटात चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशीने 'ताजिक' म्हणजे अरब सैन्य परतवल्याची नोंद आहे. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र वगैरेंना हरवून ते दक्षिणेकडे निघालं होतं.

पुढचं लक्ष्य 'अल-अंदलुस', म्हणजे मुस्लीम सत्तेखालचा स्पेन. अब्बासींनी केलेल्या उमय्यांच्या कत्तलीतून निसटलेल्या अब्द अर-रहमान या उमय्या राजपुत्राने ७५६ मध्ये कॉर्डोबात गादी मांडली आणि तिथले अमीर जुन्याच मजकुराचे दिरहम पाडत राहिले. किंमत वासितच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे आधी गधैयाची डुप्लिकेट काढावी लागतील. कोणाला हवी असतील तर सांगा.